शोकाचा अधिकार

१८६४ साली जिनीव्हा येथे बारा युरोपीय राष्ट्रांनी एका करारावर सह्या केल्या. रणांगणावर जखमी झालेला सैनिक कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे. आणि ही शुश्रूषा करणारे वैद्य, परिचारक व त्यांची इस्पितळे यांजवर कोणीही शस्त्र चालवता कामा नये, असा त्या कराराचा आशय होता. एकमेकांचा जीव घेण्यास सिद्ध झालेल्या लोकांनीसुद्धा एवढी एक गोष्ट मान्य केली. त्यानंतरच्या युद्धांत हा करार अनेकदा मोडला गेला, हे खरे. परंतु तो मोडणाऱ्यांना आपण काही लाजिरवाणे करीत आहोत ही जाणीव ठेवावी लागली, हेही तितकेच खरे.

ह्या गोष्टीची आठवण होण्याचे कारण असे की, युद्धात जे गृहीत धरले गेले, ते शांततेच्या काळात आपल्या शहरांतील रुग्णालयांत गृहीत धरता येत नाही. २०१० साली महाराष्ट्राला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी किंवा रुग्णालयातील इतर सेवक यांजवर हात उगारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, आणि मोडतोड केल्यास नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरून द्यावी लागते, असे तो कायदा सांगतो. जो आपल्या माणसाला वाचविण्यासाठी धडपडतो त्याला मारू नये, हे सांगण्यासाठी कायद्याची गरज पडावी, ही गोष्टच विचार करण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी ८ ते ३८ टक्के लोकांना आपल्या सेवाकाळात केव्हा ना केव्हा शारीरिक हिंसेला तोंड द्यावे लागते. म्हणजे हा रोग केवळ आपल्याकडचा नव्हे. पण दुसऱ्याच्या घरातही ताप आहे, एवढ्यावरून आपल्या घरातला ताप उतरत नाही.

हा प्रश्न बंदोबस्ताचा आहे असे बहुधा मानले जाते. दाराशी पहारेकरी ठेवा, कायदा कडक करा, गुन्हेगारांना शिक्षा द्या, म्हणजे झाले. ह्या उपायांची गरज मी नाकारीत नाही. त्यांविषयी पुढे बोलावयाचे आहेच. परंतु ह्या मारहाणीचे एक लक्षण असे आहे की, त्यामुळे तिला निव्वळ गुंडगिरी म्हणून बाजूला सारता येत नाही. मारणारा पुष्कळदा सराईत गुन्हेगार नसतो. तो मृताचा मुलगा असतो, भाऊ असतो, शेजारी असतो. आदल्या दिवसापर्यंत त्याने कोणाच्या अंगाला बोट लावलेले नसते, आणि अर्ध्या तासापूर्वी ज्या डॉक्टरपुढे त्याने हात जोडले होते, त्याच डॉक्टरची त्याने आता गचांडी धरलेली असते. हे स्थित्यंतर कसे घडते, हे समजल्यावाचून त्याचा प्रतिबंधही होणार नाही. आणि ते समजून घेताना एका नैतिक प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते: ज्याचे माणूस गेले आहे त्याला जगाकडून काय मागण्याचा अधिकार पोहोचतो?

मृत्यू ही गोष्ट सोसण्यास अवघड आहेच. पण कारणावाचून आलेला मृत्यू तर मनाला सोसतच नाही. 'का?' ह्या प्रश्नाला काही तरी उत्तर मिळाल्यावाचून दुःखाला बसायला जागा सापडत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांपाशी अशी उत्तरे तयार होती. आयुष्याची दोरी तेवढीच होती, प्रारब्धाचा भोग होता, देवाला आवडला म्हणून त्याने नेला, अशा शब्दांनी ते आपले समाधान करीत. ह्या उत्तरांनी अनेक टाळण्याजोग्या मृत्यूंवर पांघरूण घातले, आणि ती टाकून दिली हे आपण चांगलेच केले. देवीचा रोग दैवाने गेला नाही, लशीने गेला. परंतु दैव सिंहासनावरून उतरले तेव्हा ते सिंहासन आपण मोडून टाकले नाही. त्यावर डॉक्टरला नेऊन बसविले. आता जगणे त्याच्या हाती. आणि जगणे ज्याच्या हाती, मरणही त्याच्याच माथी.

वैद्याला साक्षात नारायण मानणारे एक संस्कृत वचन आपल्याकडे औषधाच्या बाटलीबरोबर घरोघर पोहोचले आहे, आणि वैद्याला यमाचा भाऊ ठरवून त्याची थट्टा करणारे सुभाषितही तितकेच लोकप्रिय आहे. ही दोन वचने परस्परविरोधी आहेत असे वरवर दिसते. वस्तुतः ती एकाच वृत्तीची दोन तोंडे आहेत. वैद्य हा चुकणारा, थकणारा, मर्यादित सामर्थ्याचा मनुष्य आहे ही गोष्ट दोन्हींतही गाळलेली आहे. ज्याला देव केले तो अपयशी ठरला की त्याला मनुष्य होण्याची सवलत मिळत नाही. तो थेट राक्षस होतो. ह्याचे एक ठळक उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर लोकांनी गॅलऱ्यांत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजवून डॉक्टर-परिचारिकांचा गौरव केला. त्याच दिवसांत कित्येक परिचारिकांना व डॉक्टरांना भाड्याच्या घरांतून बाहेर काढले जात होते. चेन्नईत करोनाने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरच्या दफनासही जमावाने विरोध केला. आणि थाळ्या वाजल्यापासून बरोबर एक महिन्याने, २२ एप्रिल रोजी, आरोग्यसेवकांना मारहाणीपासून वाचविण्यासाठी केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. पूजा आणि प्रहार यांमधले अंतर इतके थोडे असते.

आपल्या प्राचीन वैद्यकाची दृष्टी ह्याहून पुष्कळ शहाणपणाची होती. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. ह्या चारांपैकी वैद्य प्रधान खरा, पण एकटा नव्हे. तसेच रोगांचीही त्याने प्रतवारी लावली आहे: सहज बरे होणारे, कष्टाने बरे होणारे, बरे न होता केवळ आटोक्यात ठेवता येणारे, आणि वैद्याने हाती घेऊ नयेत असे. ह्या प्रतवारीतील प्रत्येक तपशील आजच्या विज्ञानाला मान्य होईल असे नाही. परंतु 'येथे माझे काही चालणार नाही' असे म्हणण्याची मुभा त्या शास्त्राने वैद्याला दिलेली होती, आणि ते ऐकून घेण्याची तयारी रोग्याच्या आप्तांची असावी असे त्यात गृहीत होते. आज यंत्रे वाढली, औषधे वाढली, आयुर्मान वाढले. ऐकून घेण्याची ही तयारी मात्र कमी झाली.

ह्यात पैशाने आणखी एक विष कालविले आहे. आजारपणाचा खर्च आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर रोग्याच्या खिशातून होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार कुटुंबे स्वतः उचलीत होती; २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा झाली हे उघड आहे. तरी शंभरांतले चाळीस रुपये अजून घरातूनच जातात. ज्याने दागिने मोडले, शेत गहाण टाकले, मेव्हण्याकडून उसने आणले, त्याच्या मनात नकळत एक हिशेब तयार होतो की, आपण किंमत मोजली, आता माल मिळाला पाहिजे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. त्यामुळे नाडलेल्या रोग्याला दाद मागण्याचा एक मार्ग मिळाला, आणि तो मिळावयास हवाच होता. परंतु त्या निर्णयानेही असे कोठे म्हटलेले नाही की, विकत घेतलेली वस्तू म्हणजे प्राण होय. विकत घेता येते ती दक्षता, कौशल्य आणि परिश्रम. प्राण हा कोणत्याच दुकानात ठेवलेला नसतो. बिलाचा कागद हातात असताना हा भेद लक्षात ठेवणे अत्यंत कठीण आहे. म्हणूनच तो आधीच, शांत मनाने, ठरवून ठेवला पाहिजे.

आता मार कोणाला बसतो ते पाहू. रुग्णालयात खाटा किती असाव्यात, कोणत्या शाखेचे तज्ज्ञ नेमावेत, औषधांसाठी किती रक्कम मंजूर व्हावी, हे ठरविणारे लोक रात्री दोन वाजता वॉर्डात नसतात. तेथे असतो तो सलग चोवीस-छत्तीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर. तेथे असते ती चाळीस खाटांमागे एकटी धावणारी परिचारिका. तेथे असतात आया आणि वॉर्डबॉय. संस्थेचा, सरकारचा आणि समाजाचा जो काही अपुरेपणा असेल, त्याला ह्या लोकांचाच चेहरा मिळतो, कारण दुसरा चेहरा समोर नसतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला गंभीर इजा झालेला एक रोगी आणण्यात आला. येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ नाहीत, रोग्यास दुसरीकडे हलवावे लागेल, असे तेथील तरुण डॉक्टराने सांगितले. त्याबरोबर रोग्याबरोबरच्या लोकांनी त्याला इतके मारले की, त्याला एका डोळ्याच्या दृष्टीस मुकावे लागले.

ह्या प्रसंगाचा नीट विचार करावा. त्या डॉक्टरने उपचार चुकविला नव्हता, काही लपविले नव्हते, पैसे मागितले नव्हते. त्याने एक खरी गोष्ट खरी म्हणून सांगितली होती. तज्ज्ञ नसणे हा त्याचा अपराध नव्हता. परंतु 'तज्ज्ञ नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडले, एवढ्यानेच तो अपराधी ठरला. जेथे सत्य सांगणाऱ्याचा डोळा जातो, तेथे पुढचा मनुष्य सत्य कसे सांगेल? तो मोघम बोलेल, आशा दाखवील, 'बघू, प्रयत्न चालू आहेत' असे पुटपुटेल आणि अखेरच्या क्षणी दारामागे जाईल. मग ह्याच मोघमपणाचा राग येऊन दुसरा जमाव दुसऱ्या कोणाला मारील. मारहाण ही अशा रीतीने स्वतःची कारणे स्वतःच निर्माण करते.

येथे कोणी अशी शंका घेईल की, मारणाऱ्याच्या मनाची एवढी चिकित्सा करणे म्हणजे त्याची बाजू घेणेच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. कारण सांगणे आणि समर्थन करणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. विषमज्वर दूषित पाण्याने होतो असे सांगणारा विषमज्वराचा कैवारी ठरत नाही. शोकाने मनुष्याची बुद्धी क्षणभर झाकोळते. परंतु अशाच शोकात बुडालेली हजारो माणसे रोज आपल्या मृतांना उचलून मुकाट्याने घरी जातात. त्यांचे दुःख कमी असते म्हणून नव्हे. तेव्हा शोक हा हात उगारण्याचे निमित्त असेल, तो हात उगारण्याचा हक्क नव्हे.

शिवाय रुग्णालयात घडणारी सर्वच हिंसा शोकातून जन्मत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवर असलेल्या एका तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. १९७३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. त्या २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात निश्चेष्ट पडून होत्या, आणि तेथील परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांची सेवा सोडली नाही. ह्या गुन्ह्यांना दुःखाचे पांघरूण मुळीच नाही. तेथे प्रश्न आहे तो रात्री काम करणाऱ्या स्त्रीला कुलूप लागणारी खोली, उजेड असलेला मार्ग आणि विसाव्याची सुरक्षित जागा देण्याचा. आणि तो केवळ संस्थेच्या कर्तव्याचा प्रश्न आहे. त्यात समजून घेण्यासारखे काही नाही, करण्यासारखे पुष्कळ आहे.

शोकातून उद्भवणाऱ्या हिंसेकडे परत येऊ. माझ्या मते शोकाला एक अधिकार निश्चित आहे, आणि तो सत्याचा आहे. ज्याचे माणूस गेले त्याला काय झाले, केव्हा झाले, काय केले गेले आणि काय करता आले नाही, हे समजेल अशा भाषेत कळले पाहिजे. हा अधिकार दयेने देण्याचा नव्हे. तो देणे लागतो. मात्र ह्या अधिकाराच्या जागी दुसराच एक अधिकार बळकावला जातो, तो म्हणजे बळी मागण्याचा. 'आमचे माणूस गेले, तेव्हा कोणाला तरी ह्याचे मोल मोजावे लागेल', ही भाषा सत्याची नव्हे, सूडाची आहे. त्यातही विशेष असे की, जेथे पहिला अधिकार नाकारला जातो, तेथे दुसरा आपोआप बळावतो. ज्याला उत्तर मिळत नाही, तो अपराधी शोधू लागतो.

ह्याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत गाठीच्या प्लेगचे निदान झाले. ऑक्टोबरात महानगरपालिकेने रोग्यांना सक्तीने वेगळे काढण्याचा अधिकार हाती घेतला. घरातून माणूस उचलून नेत, आप्तांना जवळ फिरकू देत नसत, आणि पुष्कळांची पुढची वार्ता मृत्यूचीच येई. इस्पितळात माणसे मुद्दाम मारली जातात अशी अफवा गिरण्यांतून पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, सक्ती अधिकच वाढली, आणि तिचे पुण्यात काय पर्यवसान झाले हे सर्वश्रुत आहे. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. ह्यानंतर निरनिराळ्या जातींना व समाजांना आपापली प्लेग इस्पितळे काढण्यास वाव देण्यात आला. तेथे लोक येऊ लागले. प्लेगवर रामबाण औषध तेव्हा सरकारी इस्पितळापाशी नव्हते, तसे ह्या इस्पितळांपाशीही नव्हते. फरक होता तो एवढाच की, येथे ओळखीची माणसे भोवती असत, चालीरीती पाळल्या जात, आणि आत काय चालले आहे हे घरच्यांना कळे. रोग तोच, औषध तेच. विश्वास मात्र निराळा.

ह्याचा अर्थ १८९६ चा जमाव बरोबर होता असा नव्हे. इस्पितळावरील हल्ल्याने एकही रोगी बरा झाला नाही. आणि ज्यांनी सक्तीचा हुकूम काढला त्यांच्याऐवजी तेथील रोग्यांना व शुश्रूषा करणाऱ्यांनाच भीतीने थरकापावे लागले. परंतु इतिहासाची एक गंमत पाहावी. रोग्याच्या देहावर अमर्याद अधिकार देणारा १८९७ चा जो कायदा, तोच २०२० साली दुरुस्त करून डॉक्टरच्या देहाचे रक्षण करण्याची पाळी आली. त्या दुरुस्तीने साथीच्या काळात आरोग्यसेवकावर हल्ला करणाऱ्यास तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास सांगितला. तपास तीस दिवसांत पुरा करण्याचे बंधन घातले. सव्वाशे वर्षांच्या अंतराने एकाच कायद्याला दोन्ही बाजूंना हात पुरवावे लागले, ह्यावरून दंडशक्तीने विश्वासाची उणीव भरून निघत नाही हे दिसून येते.

दंडशक्ती निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. मारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती लवकर झाली पाहिजे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने असा आदेश काढला की, हिंसेचा प्रकार घडल्यापासून सहा तासांच्या आत रुग्णालयाच्या प्रमुखाने फिर्याद नोंदवावी. ह्यातले मर्म असे की, मार खाल्लेल्या कनिष्ठ डॉक्टरला वा परिचारिकेला एकट्याने पोलिस चौकीची पायरी चढावी लागू नये. तो अपमान संस्थेने आपला मानावा. तसेच २०१७ च्या संपानंतर महाराष्ट्र सरकारने आपल्या रुग्णालयांसाठी सुमारे ११०० सुरक्षारक्षक देण्याचे कबूल केले, तेही आवश्यकच होते. परंतु कायदा प्रहारानंतर येतो आणि पहारेकरी प्रहाराच्या क्षणी. प्रहाराच्या आधीचे सर्व क्षण माणसांनीच सांभाळावयाचे असतात.

ते क्षण सांभाळण्याचे पहिले काम वैद्यक व्यवसायाचे आहे. रोगी गंभीर आहे ही गोष्ट पहिल्याच दिवशी, बसून, घरच्यांच्या भाषेत सांगावी. अखेरच्या रात्री दाराच्या फटीतून सांगू नये. मृत्यूची वार्ता देण्याचे काम सर्वांत तरुण व सर्वांत थकलेल्या माणसावर टाकू नये. ज्याच्या नावाने उपचार चालले होते त्या वरिष्ठाने ते करावे. केसपेपर मागितल्यास द्यावेत, कारण लपविलेला कागद संशयाला जन्म देतो. आणि जेथे खरोखर चूक झाली असेल, तेथे व्यवसायबंधूंनी ती झाकू नये. डॉक्टरांकडून हयगय होत नाही असे कोण म्हणेल? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्याविषयी एक विवेकी मर्यादा आखून दिली. प्रत्येक अपयश म्हणजे गुन्हा नव्हे; फौजदारी दोषासाठी हयगय ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे, आणि तिचा विचार करण्यापूर्वी दुसऱ्या निःपक्षपाती वैद्याचे मत घेतले पाहिजे, असे त्या निकालात सांगितले आहे. ग्राहक आयोग आहे, वैद्यक परिषद आहे, दिवाणी न्यायालय आहे. हे मार्ग अस्तित्वात आहेत. परंतु त्यांवरून चालणाऱ्याला वर्षानुवर्षे चालावे लागते. सत्याचा रस्ता इतका लांब ठेवायचा आणि मग लोक आडवाटेने का जातात म्हणून विचारायचे, हे न्यायाला धरून नाही.

ह्याच ठिकाणी संपाचाही विचार केला पाहिजे. २०१७ साली महाराष्ट्रात आणि जून २०१९ मध्ये कोलकात्यातील दोन कनिष्ठ डॉक्टरांवर हल्ला झाल्यावर देशभर डॉक्टरांनी काम थांबविले. पहिल्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना कामावर परतण्यास बजावले. ज्याच्या सहकाऱ्याचा डोळा गेला आहे, त्याने उद्या सकाळी निमूटपणे कामावर यावे असे म्हणणे आपल्याला सोपे आहे, कारण तो डोळा आपला नव्हे. तरीही संपाचा भार मारणाऱ्यावर पडत नाही; तो बाहेर रांगेत उभ्या असलेल्या, कोणालाही न मारलेल्या माणसावर पडतो. जमावाने एका निरपराध्याला दुसऱ्याच्या अपराधाबद्दल धरले, हाच जर आपला आक्षेप असेल, तर तोच न्याय उलटा लावणे डॉक्टरांनाही शोभत नाही. मात्र त्यांना संपावाचून दुसरी वाट ठेवणे हे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.

आता आपले, म्हणजे ही पाने वाचणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचे काय? आपण खुर्च्या फेकीत नाही आणि काचा फोडीत नाही, म्हणून आपण ह्या दोषातून मुक्त आहोत असे आपल्याला वाटते. परंतु परिचारिकेला 'ए, इकडे ये' म्हणून हाक मारणारा, 'मी कोण आहे ठाऊक नाही वाटते' म्हणून दरडावणारा, आयेला तुच्छतेने टाकून बोलणारा आणि नगरसेवकाला दूरध्वनी करून 'तुझी नोकरी घालवीन' अशी धमकी देणारा मनुष्य बहुधा शिकलेलाच असतो. शिवीला जखम होत नाही, म्हणून तिची नोंदही होत नाही. पण जमावाचा हात उठतो तो अशाच शिव्यांनी सैल केलेल्या वातावरणात. ज्या माणसाचा अपमान करणे रोज चालते, त्याला मारणे एके दिवशी शक्य होते.

आणि अखेर हा मार पोहोचतो कोठे? ऑगस्ट २००१ मध्ये ठाण्यात आनंद दिघे यांचे उपचार चालू असता निधन झाल्यावर संतप्त जमावाने ते रुग्णालयच पेटवून दिले. आत उपचार घेत पडलेल्या इतर रोग्यांना जीव मुठीत धरून बाहेर काढावे लागले. एवढे उघड रूप क्वचितच दिसते, पण प्रत्येक मारहाणीचा परिणाम ह्याच जातीचा असतो. एकदा मार खाल्लेला डॉक्टर पुढच्या वेळी गंभीर रोगी दाराशी आला की विचार करतो. आपल्या छोट्या रुग्णालयात प्रयत्न करून पाहण्याजोगी शक्यता असली तरी तो म्हणतो, 'मोठ्या ठिकाणी न्या.' त्या मोठ्या ठिकाणी पोहोचण्याआधी वाटेतच जे प्राण जातात, त्यांची गणना कोणत्याही दप्तरात होत नाही. आपल्या भावासाठी उगारलेला हात अशा प्रकारे दुसऱ्या कोणाच्या तरी भावावर पडतो. आणि तो मारणाऱ्याला कधी दिसतही नाही.

म्हणून शोकाला जे द्यावयाचे ते पूर्णपणे द्यावे: बसायला जागा द्यावी, वेळ द्यावा, कागद द्यावेत, खरे उत्तर द्यावे, आणि चूक झाली असल्यास न्यायही द्यावा. आणि शोकाने जे मागू नये, ते त्याला मुळीच देऊ नये. मृताचे ऋण जिवंताला इजा करून फिटत नाही. त्याच खाटेवर उद्या येणाऱ्या अनोळखी माणसाला तोच डॉक्टर आणि तीच परिचारिका धडधाकट हातांनी व निर्भय मनाने लाभतील एवढे पाहिले, तर मात्र ते काही अंशी फिटते.